ब्रायटन बेल : चाहते होते, तरी गाडी बंद का पडली?

गिऱ्हाईक नाही म्हणून एखादे दुकान बंद पडले तर त्यात नवल वाटण्यासारखे काही नसते. पण ज्या धंद्याचे नाव सर्वतोमुखी आहे, ज्याची गिऱ्हाईके वर्षानुवर्षे टिकून आहेत आणि तो बंद होऊ नये म्हणून बडी बडी माणसे जाहीरपणे बोलत आहेत, असा धंदा बंद पडला तर व्यापाऱ्याने जरा थांबून विचार करावा. इंग्लंडमध्ये लंडन ते ब्रायटन या मार्गावर धावणारी ‘ब्रायटन बेल’ ही आलिशान विद्युत रेल्वेगाडी हे अशा धंद्याचे ठळक उदाहरण आहे. ३० एप्रिल १९७२ रोजी ती शेवटची धावली. तिच्या अखेरच्या दहा-बारा वर्षांची हकिगत रेल्वेच्या शौकिनांना तर रंजक वाटतेच. पण यंत्र, गाडी, गाळा किंवा भट्टी यांच्या जोरावर पोट भरणाऱ्या प्रत्येकाने ती हिशेबाच्या नजरेने वाचण्यासारखी आहे.

गाडीची ओळख

ब्रायटन हे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचे शहर. लंडनपासून रेल्वेने ५१ मैल, म्हणजे सुमारे ८२ किलोमीटर. समुद्रकाठची हवा, स्नान आणि करमणूक यांवर या गावाचा बाजार उभा राहिला. आपल्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, पण या बाजारात एका हिंदी माणसाचाही वाटा होता. पाटण्यात जन्मलेले शेख दीन मोहम्मद यांनी १८१० मध्ये लंडनमध्ये हिंदुस्तानी खाण्याचे दुकान काढले. ते चालले नाही आणि दोन वर्षांत दिवाळे निघाले. त्यानंतर ते ब्रायटनला गेले आणि तेथे वाफेचे स्नान व मालिश यांचा असा धंदा उभारला की राजे चौथे जॉर्ज यांनी त्यांना आपल्या सेवेत नेमले. ऐपतदार पाहुणा आणि त्याला हवी तशी सेवा, हेच ब्रायटनचे खरे भांडवल होते.

१८४१ मध्ये लंडनहून ब्रायटनपर्यंत लोहमार्ग झाला. ऐपतदार पाहुण्यांसाठी खास डबे, मग खास गाड्या आल्या. १ नोव्हेंबर १९०८ रोजी ‘सदर्न बेल’ नावाची संपूर्ण आलिशान डब्यांची गाडी सुरू झाली. तेव्हा ती वाफेच्या इंजिनावर चाले. पुढे सदर्न रेल्वे कंपनीने या मार्गाचे विद्युतीकरण केले आणि १ जानेवारी १९३३ पासून ब्रायटनपर्यंत विजेच्या गाड्या धावू लागल्या. त्याच दिवसापासून ही खास गाडीही विजेवर आली. १९३४ मध्ये तिचे नाव बदलून ‘ब्रायटन बेल’ ठेवण्यात आले.

गाडीला वेगळे इंजिन नव्हते. आपल्या मुंबईच्या लोकलप्रमाणे टोकाच्या डब्यांखालीच मोटारी बसवलेल्या होत्या. वीज मात्र डोक्यावरच्या तारेतून नव्हे, तर रुळांशेजारी टाकलेल्या तिसऱ्या रुळातून मिळे. लोकलसारखी बांधणी, पण आत राजवाड्याचा थाट, असा हा प्रकार होता. नक्षीदार लाकूडकाम, गादीच्या खुर्च्या, प्रत्येक टेबलावर छोटा दिवा आणि जागेवर आणून दिले जाणारे जेवण. पहिल्या वर्गाच्या डब्यांना स्त्रियांची नावे होती : हेझल, डोरिस, ऑड्री, व्हेरा, ग्वेन आणि मोना. या पद्धतीची, म्हणजे स्वतःच्या मोटारींवर धावणारी आणि सबंध आलिशान डब्यांचीच बनलेली विद्युतगाडी जगात ही एकच मानली जाते. ‘एकच’ या शब्दाचा तिला अभिमान होता आणि पुढे तोच शब्द तिच्या मुळावर आला.

पुलमनची दुहेरी व्यवस्था

या गाडीमागचा व्यवहार समजून घेतला पाहिजे. डबे पुलमन कंपनीचे होते. अमेरिकेतील जॉर्ज पुलमन या उद्योजकाने झोपण्याच्या आणि बसण्याच्या आरामशीर डब्यांचा धंदा उभारला. तीच पद्धत इंग्लंडमध्ये आली. डबे, वेटर, स्वयंपाकी आणि खाद्यपदार्थ पुलमनचे. रूळ, वीज आणि गाडी चालवण्याची जबाबदारी रेल्वेची. प्रवासी नेहमीचे तिकीट काढी, ते उत्पन्न रेल्वेचे. त्यावर तो ठराविक जादा आकार देई आणि जे खाईल-पिईल त्याचे पैसे देई, ते उत्पन्न पुलमनचे.

ही व्यवस्था दोघांच्याही सोयीची होती. रेल्वेला आलिशान डब्यांत स्वतःचे भांडवल गुंतवावे लागत नसे आणि पुलमनला रूळ टाकावे लागत नसत. महत्त्वाची गोष्ट अशी की पुलमनचा सगळा धंदाच आरामाचा होता. डबा जुनाट दिसू लागला, सेवा ढिली पडली, तर जादा आकार कोण देणार? त्यामुळे डब्यांची काळजी घेणे हा पुलमनच्या दृष्टीने पोटाचा प्रश्न होता.

दुसऱ्या महायुद्धात गाडी बंद ठेवावी लागली. १९४० मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकावरील बॉम्बहल्ल्यात तिच्या एका संचाचे नुकसानही झाले. युद्धानंतर, १९४७ मध्ये, ती पूर्ववत धावू लागली. १ जानेवारी १९४८ रोजी ब्रिटनमधील रेल्वे सरकारी मालकीच्या झाल्या. १९५४ मध्ये पुलमन कंपनीची मालकीही सरकारी वाहतूक मंडळाकडे गेली आणि १९६३ पर्यंत तिचे वेगळे अस्तित्व संपून ती रेल्वेच्याच कारभारात मिसळली. वरवर पाहता प्रवाशाला काहीच फरक दिसला नाही. तेच डबे, तेच वेटर, तेच दिवे. पण आता या डब्यांकडे ‘हाच आपला धंदा’ म्हणून पाहणारा मालक उरला नव्हता. हजारो डब्यांच्या मालकाच्या हिशेबात बेलचे पंधरा डबे ही एक लहानशी नोंद झाली होती.

पंधरा डब्यांचे गणित

बेलचे एकूण पंधरा डबे होते. ते १९३२ मध्ये बर्मिंगहॅमच्या मेट्रोपोलिटन कॅमेल कंपनीने बांधले. पाच-पाच डब्यांचे तीन संच केलेले होते. दोन संच जोडले की दहा डब्यांची पूर्ण गाडी होई आणि तिसरा संच दुरुस्ती व अडचणीसाठी राखून ठेवला जाई.

आता हिशेब पाहा. पंधरापैकी पाच डबे राखीव, म्हणजे गुंतवलेल्या भांडवलाचा तिसरा हिस्सा कमाईच्या बाहेर. साधी गाडी असती तर शंभर डब्यांमागे थोडे राखीव ठेवून भागले असते, कारण कोणताही डबा कोणत्याही गाडीला लावता येतो. बेलचे तसे नव्हते. तिचा मोडलेला डबा फक्त बेलच्याच डब्याने भरून निघे. ज्याच्याकडे एकाच जातीची पन्नास यंत्रे आहेत त्याला दोन राखीव पुरतात. ज्याच्याकडे जगावेगळी दोनच यंत्रे आहेत त्याला तिसरे ठेवावेच लागते. लहान आणि वेगळ्या धंद्याला हा भुर्दंड नेहमीच पडतो.

दुसरी बाब जागांची. पाच डब्यांच्या एका संचात पहिल्या वर्गाच्या ४० आणि खालच्या वर्गाच्या १५२, अशा १९२ जागा होत्या. पहिल्या वर्गाच्या दोन्ही डब्यांत स्वयंपाकघर असल्यामुळे एका डब्यात जेमतेम वीसच प्रवासी बसत. याच मार्गावर १९६० नंतर आलेल्या साध्या विद्युतगाड्यांच्या चार डब्यांच्या संचात दोनशेहून अधिक माणसे बसत. म्हणजे एक डबा कमी, तरी प्रवासी जास्त. शिवाय साध्या गाडीला प्रत्येक टेबलावर वाढणारे वेटर लागत नाहीत.

तिसरी बाब वेळेची, आणि माझ्या मते हीच निर्णायक. बेल लंडन ते ब्रायटन हे अंतर साठ मिनिटांत तोडी. पण सदर्न रेल्वेने १९३३ पासूनच या मार्गावर दर तासाला साध्या जलद गाड्या सोडल्या होत्या आणि त्याही साठच मिनिटे घेत. तेव्हा बेलचा प्रवासी जादा आकार देत होता तो वेगासाठी नव्हे, फक्त आरामासाठी. आणि हा आराम अवघ्या एका तासाचा. या एका तासात वेटरने मागणी घ्यायची, स्वयंपाक्याने पदार्थ करायचा, प्रवाशाने खायचे, पैसे चुकते व्हायचे आणि टेबल आवरायचे. लांबच्या गाडीत एका प्रवाशाकडून दोन वेळच्या खाण्याचे उत्पन्न मिळते. येथे मोठा नोकरवर्ग घेऊन एकाच खाण्यावर समाधान मानावे लागे.

चौथी बाब म्हणजे आरामातच उणीव होती. मोटारींचे डबे फार वजनदार होते. वेग वाढला की ते हादरत आणि कपातला चहा बशीत सांडे, अशी प्रवाशांची जुनी तक्रार होती. डबे म्हातारे होत गेले तशी ही तक्रार वाढत गेली. जो माल आरामाच्या नावावर विकला जातो त्यात हा दोष क्षुल्लक म्हणता येत नाही.

साठच्या दशकातील चुकलेला टप्पा

यंत्राला वय असते. बेल १९३३ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्या बरोबरीने याच मार्गासाठी साध्या जलद विद्युतगाड्याही बांधल्या गेल्या होत्या. या तिच्या सख्ख्या बहिणीच म्हणायच्या. तीस वर्षांनी, म्हणजे साठच्या दशकात, त्या सर्व जुन्या झाल्या. ब्रिटिश रेल्वेने १९६४ पासून ब्रायटन मार्गासाठी नव्या गाड्या आणल्या आणि जुन्या साध्या गाड्या टप्प्याटप्प्याने मोडीत काढल्या. बेलला मात्र नवी बहीण मिळाली नाही.

बेलचा शेवट कागदावर १९७२ मध्ये झाला असला तरी निर्णय खरा येथेच झाला. १९६४ मध्ये कोणीही ‘बेल बंद करा’ असे म्हटले नाही. फक्त नव्या खरेदीच्या यादीत तिचे नाव आले नाही. धंदे बहुधा असेच संपतात. बंद करण्याचा ठराव शेवटी होतो. पैसे न गुंतवण्याचा ठराव कधी होतच नाही, तो नुसता घडतो.

रेल्वेला आलिशान गाड्यांचे वावडे होते असेही नाही. १९६० मध्ये तिने डिझेलवर चालणाऱ्या निळ्या पुलमन गाड्या नव्याने सुरू केल्या. लंडन ते मँचेस्टर मार्गाचे विद्युतीकरण झाल्यावर १९६६ मध्ये तेथेही नवे पुलमन डबे बांधून घेतले. या दोन प्रयोगांचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. निळ्या पुलमन गाड्या बेलप्रमाणेच स्वतंत्र जातीच्या आणि अवघ्या पाच होत्या. बेलपेक्षा जवळजवळ तीस वर्षांनी तरुण असूनही त्या १९७३ मध्ये, म्हणजे बेलनंतर वर्षभरातच, बंद झाल्या. मँचेस्टरची पुलमन मात्र साध्या विद्युत इंजिनाने ओढली जाणारी होती. तिचे इंजिन दुसऱ्या गाडीलाही चाले. प्रवास दीडशे मैलांहून अधिक, व्यापारी प्रवासी भरपूर आणि जेवायला निवांत वेळ. ती १९८५ पर्यंत टिकली. आलिशानपणा तिन्ही गाड्यांत होता. फरक होता तो बाकीच्या कारखान्याशी जुळवून घेण्याच्या सोयीत.

बेलच्या बाबतीत नूतनीकरणाऐवजी रंगरंगोटी झाली. साठच्या दशकाच्या अखेरीस तिचा जुना तपकिरी व दुधी रंग काढून रेल्वेच्या सर्व गाड्यांचा निळा-राखाडी रंग तिला देण्यात आला. पहिल्या वर्गाच्या डब्यांच्या बाहेरील नावे गेली. आत नवे कापड लागले. खर्च झाला, पण तो चेहऱ्यावर. चाके, सांगाडा आणि मोटारी १९३२ च्याच राहिल्या. उलट, ज्या वेगळेपणासाठी लोक जादा आकार देत होते तेच बाहेरून पुसले गेले. आपल्याकडेही जुन्या हॉटेलमालकाने स्वयंपाकघर तसेच ठेवून फक्त पाटी आणि टेबलांचे सनमायका बदलल्याची उदाहरणे गावोगाव सापडतील.

किपरचे प्रकरण

याच सुमारास एक गमतीदार वाद झाला. बेलच्या सकाळच्या नाश्त्यात ‘किपर’ मिळे. किपर म्हणजे मीठ लावून धुरी दिलेला हेरिंग मासा. कोकणातल्या सुक्या बांगड्याची चव ज्यांना माहीत आहे त्यांना किपरवर इंग्रजांचा जीव का, हे सांगावे लागणार नाही. रेल्वेच्या उपाहार खात्याने हा पदार्थ यादीतून काढून टाकला. त्यावर ब्रायटनमध्ये राहणारे आणि या गाडीने नेहमी ये-जा करणारे विख्यात नट सर लॉरेन्स ऑलिव्हिए यांनी जाहीर विरोध केला. इतर कलावंत त्यांना सामील झाले. वृत्तपत्रांनी ही बातमी उचलून धरली आणि अखेर किपर पुन्हा यादीत आला.

लोकांना हा चाहत्यांचा विजय वाटला. व्यापारी नजरेने पाहिले तर त्यातून दोन गोष्टी दिसतात. पहिली, ही गिऱ्हाईके गाडीला आपली मानत होती. कोणत्याही दुकानदाराला हेवा वाटावा असे हे नाते आहे. दुसरी, हे नाते कोणत्या खर्चापर्यंत पोचत होते, हे कोणी तपासले नाही. माशाचा तुकडा परत आणायला एक पत्र पुरले. नवीन पंधरा डबे आणायला मोठी रक्कम लागणार होती, आणि ती जादा आकारातून वसूल करायची तर आकार बराच वाढवावा लागला असता. तसा वाढलेला आकार नेहमीच्या प्रवाशांनी दिला असता का? हा प्रश्न त्यांच्यापुढे कधी मांडलाच गेला नाही. गिऱ्हाइकाचे प्रेम आणि गिऱ्हाइकाची देण्याची तयारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आपोआप दिसते, दुसरी विचारावी लागते.

निरोप

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीस डबे चाळिशीला आले. सुटे भाग बाजारात मिळेनात, कारण त्या जातीचे दुसरे काही रुळावर उरले नव्हते. दुरुस्ती महाग होत गेली. रेल्वेने हिशेब मांडला : इतक्या थोड्या डब्यांसाठी नवी खास बांधणी परवडत नाही, जुने डबे फार काळ चालवता येत नाहीत आणि त्याच वेळेला साधी गाडी सोडली तर जास्त प्रवासी नेता येतात. गाडी बंद करण्याचे ठरले. पुन्हा विरोध झाला, पण यावेळी उपयोग झाला नाही. ३० एप्रिल १९७२ रोजी निरोपाच्या खास फेऱ्या झाल्या, स्थानकांवर गर्दी लोटली आणि बेलचा प्रवास संपला. दुसऱ्या दिवसापासून त्या वेळांना साध्या गाड्या धावू लागल्या.

रेल्वेवर टीका करणे सोपे आहे. पण ती सार्वजनिक सेवा होती, सरकारी मदतीवर चालत होती आणि रोज कामावर जाणाऱ्या हजारो चाकरमान्यांना बसायला जागा देणे तिचे पहिले काम होते. थोड्यांना टेबलावरचा दिवा देण्यासाठी अनेकांना उभे ठेवावे, असे कोणी म्हणणार नाही. १९७२ मधला निर्णय, त्या वर्षीची परिस्थिती पाहता, चुकीचा म्हणता येत नाही. प्रश्न १९७२ चा नाहीच. आधीच्या चाळीस वर्षांत नव्या गाडीसाठी काय बाजूला ठेवले, हा खरा प्रश्न आहे.

आपली दख्खनची राणी

या ठिकाणी महाराष्ट्रातील वाचकाला आपली ‘दख्खनची राणी’ आठवल्याशिवाय राहणार नाही. १ जून १९३० रोजी मुंबई-पुणे मार्गावर सुरू झालेली डेक्कन क्वीन ही विद्युत बेलपेक्षा अडीच वर्षांनी मोठी. तीही विजेवर धावणारी, तीही सुरुवातीला फक्त वरच्या वर्गाच्या प्रवाशांसाठी, तिच्याही खाण्याची ख्याती. सुरुवातीचे तिचे डबे सात-सात डब्यांच्या दोन संचांत होते. त्यांचे सांगाडे इंग्लंडमध्ये आणि वरचे बांधकाम माटुंग्याच्या कारखान्यात झाले होते. मग बेल १९७२ मध्ये संपली आणि राणी नव्वदी ओलांडून धावत राहिली, हे कसे?

याची कारणे तीन आहेत. पहिले, राणीला वेगळे इंजिन होते. इंजिन जुने झाले की दुसरे लावले, डब्यांना धक्का लागला नाही. डबे जुने झाले की डबे बदलले, इंजिनाला धक्का लागला नाही. बेलमध्ये मोटार आणि डबा एकच असल्याने सगळे एकदम म्हातारे झाले.

दुसरे, राणीचे डबे वेळेवर बदलले गेले. १९६६ मध्ये, म्हणजे बेलच्या बहिणी बदलल्या जात होत्या त्याच काळात, राणीचे मूळ डबे काढून पेरांबूरच्या कारखान्यातले पोलादी डबे लावण्यात आले. डब्यांची संख्याही सातावरून बारावर गेली. १९९५ मध्ये पुन्हा नवे डबे आले आणि २०२२ मध्ये आधुनिक एलएचबी पद्धतीचे डबे जोडण्यात आले. या साऱ्यात रेल्वेने जगावेगळे काही बांधले नाही. देशभर चालणाऱ्या डब्यांचाच साचा घेतला, त्यात राणीसाठी भोजनाचा डबा कायम ठेवला आणि नाव तेच ठेवले.

तिसरे, राणीने आपले गिऱ्हाईक वाढवले. १९५५ मध्ये तिला प्रथमच तिसऱ्या वर्गाचे डबे जोडण्यात आले. श्रीमंतांची गाडी चाकरमान्यांची झाली. काहींना तेव्हा ते रुचले नसेल, पण गाडीचे पोट त्याच प्रवाशाने भरले. १९३० चे मूळ लाकूडकाम आणि मूळ रंग आज राणीत नाहीत. जिवंत राहण्यासाठी तिने आपले शरीर तीनदा टाकून दिले. बेलने आपले मूळ शरीर अखेरपर्यंत सांभाळले आणि त्याच्याबरोबरच ती संपली.

घसाऱ्याचा हिशेब

आता आपल्या लहान धंद्याकडे वळू. समजा, एखाद्याने आठ लाखांचा टेम्पो घेतला आणि तो दहा वर्षे चालेल असा अंदाज आहे. डिझेल, ड्रायव्हर, विमा, दुरुस्ती हे सगळे जाऊन वर्षाला दोन लाख उरतात. तो म्हणतो, दोन लाख नफा. हे खरे नव्हे. त्या दोन लाखांत टेम्पोच्या झिजेचे वर्षाचे ऐंशी हजार आहेत. म्हणजे नफा एक लाख वीस हजारच. ऐंशी हजार बाजूला न ठेवता घरखर्चात घातले तर तो दरवर्षी टेम्पोचा एक दशांश भाग खात आहे. दहाव्या वर्षी टेम्पो संपतो आणि हातात काही नसते.

येथपर्यंत बहुतेकांना माहीत असते. पण बेलची गोष्ट याहून एक पायरी पुढे नेते. दहा वर्षांनी टेम्पो आठ लाखांना मिळणार नाही. तो कदाचित तेरा-चौदा लाखांना मिळेल. तेव्हा जुन्या खरेदीच्या किमतीवर घसारा धरून भागत नाही. उद्याच्या किमतीचा अंदाज घेऊन पैसे बाजूला ठेवावे लागतात. १९३२ च्या भावात बांधलेले डबे १९७२ च्या भावात बदलायचे म्हटल्यावर रेल्वेचे डोळे पांढरे झाले ते याचमुळे. आणि वस्तू जितकी खास, ऑर्डर देऊन बनवलेली, तितकी तिची पुढची किंमत जास्त. बाजारात सर्रास मिळणारी वस्तू त्या मानाने स्वस्त पडते, कारण तिचे हजारो खरेदीदार कारखान्याचा खर्च वाटून घेतात.

म्हणून आपल्या धंद्याचे वेगळेपण कशात आहे, हे दुकानदाराने, कारखानदाराने नीट ठरवावे. वेगळेपण चवीत, वागणुकीत, नावात, वेळ पाळण्यात असेल तर ते जपण्याला फार भांडवल लागत नाही. वेगळेपण यंत्रात असेल, म्हणजे ज्याचा सुटा भाग दुसरीकडे मिळत नाही अशा यंत्रात, तर ते फार महागात पडते. बेलचे खरे वेगळेपण टेबलावरच्या सेवेत होते. ती सेवा साध्या साच्याच्या नव्या डब्यात हलवता आली असती का, हा विचार १९६४ मध्ये करण्यासारखा होता.

बंद पडल्यावर किंमत कळली

गोष्टीचा शेवट मात्र विचित्र आहे. रेल्वेला नकोसे झालेले हे डबे भंगारात गेले नाहीत. खासगी लोकांनी ते विकत घेतले. काहींनी डबा उचलून आपल्या खाणावळीच्या आवारात ठेवला आणि त्यात टेबले मांडली. यॉर्कशायरमधील मोल्टन गावच्या एका प्रसिद्ध उपाहारगृहात ‘हेझल’ डब्यात वर्षानुवर्षे जेवणाच्या पंगती उठल्या. पुढे जेम्स शेरवुड या उद्योजकाने जुने आलिशान डबे जमवून १९८२ मध्ये लंडन ते व्हेनिस अशी पर्यटकांची महागडी गाडी सुरू केली. तिच्या इंग्लंडमधील टप्प्यासाठी जे पुलमन डबे वापरले त्यांत बेलचे ‘ऑड्री’, ‘व्हेरा’ आणि ‘ग्वेन’ हे डबेही आले. त्यांच्या स्वतःच्या मोटारी आता नव्हत्या, पुढे इंजिन लावून ते ओढले जात. नंतरच्या काळात एका न्यासाने उरलेले डबे गोळा करून बेलचा एक संपूर्ण संच पुन्हा उभा करण्याचे काम हाती घेतले.

म्हणजे तोच डबा एका मालकाच्या हातात ओझे ठरला आणि दुसऱ्याच्या हातात कमाईचे साधन. कारण उघड आहे. पहिला मालक त्यात रोजचा, तासाभराचा, बेताच्या आकाराचा प्रवास विकत होता. दुसऱ्याने त्यात वर्षातून एखादेच वेळी परवडणारी सहल विकली आणि तिचा भाव डब्याच्या देखभालीचा खर्च निघेल असा लावला. डबा जुना होता म्हणूनच त्याला गिऱ्हाईक आले. रोजच्या धंद्यात जुनेपणा हा खर्च असतो. शौकाच्या धंद्यात तो माल असतो. आपला धंदा या दोहोंपैकी कोणता, याविषयी गफलत झाली की हिशेब कधीच जुळत नाही.

ब्रायटन बेल गिऱ्हाइकांअभावी मेली नाही आणि कोणी तिचा घात केला असेही नाही. चाळीस वर्षे ती धावली, तिच्यावर लोकांनी जीव लावला, आणि त्या चाळीस वर्षांत पुढच्या गाडीची तरतूद कोणाच्याच कामाच्या यादीत नव्हती. आपल्या वहीत गल्ल्याचा आकडा रोज लिहिला जातो. त्याच पानावर, त्याच दिवशी, यंत्राच्या झिजेचा आकडाही लिहिण्याची सवय लावून घ्यावी. धंदा जोरात चालू असतो तेव्हाच ती रक्कम बाजूला काढता येते. गाडी थकल्यावर निधी जमवायला कोणालाही वेळ मिळत नाही.